गायलेली बाई

शुक्रवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, औ पुई-शाननं कानांवर हेडफोन चढवले आणि चौथ्या मिनिटाला तिचं लिहिणं थांबलं. टेपवर लुक आजी बोलत होती. एक्याऐंशी वर्षांची म्हातारी. आवाज खरखरीत, पण दमदार. मधूनच ती चहाचा घोट घ्यायची, त्याचा सुर्र आवाजही टेपवर आला होता. पुई-शानची सहकारी आयव्ही तिला विचारत होती, "आजी, एखाद्याला गाणं म्हणजे काय हो? म्हणजे आपण सगळेच म्हणतो, अमकीनं तमकीला गायलं. पण तुम्ही कधी म्हणता? उदाहरण द्या ना." "उदाहरण?" म्हातारी हसली. "ढिगानं आहेत. हे बघ, एकीनं एकीला सांगितलं तर ते नुसतं बोलणं. पाचजणींनी पाच ठिकाणी एकाच चालीत सांगितलं, की ते गाणं. आमच्या सातव्या मजल्यावर औची बायको होती. जहाजं रंगवायचा तो औ. जिन्याला लागून खोली. तिला आम्ही असं गायलं, असं गायलं, की महिन्याभरात बाई मजला सोडून गेली. नवऱ्याला सोडून, लेकराला सोडून." "बाप रे," आयव्ही म्हणाली, "आणि खबर कुठून लागली तुम्हाला?" पुन्हा चहाचा घोट. मग म्हातारी म्हणाली, "घरातनंच की." आणि आयव्ही, जिला यादीतले अजून अकरा शब्द संपवायचे होते, म्हणाली, "बरं आजी, आता पुढचा शब्द घेऊ."

पुई-शाननं हेडफोन काढले. खोलीत एअरकंडिशनरची घरघर होती, समोरच्या टेबलावर आयव्ही अननसाचा पाव खात होती आणि पावाचा चुरा की-बोर्डवर पडू नये म्हणून मान पुढे काढून बसली होती. सगळं जिथल्या तिथे होतं. विद्यापीठाच्या या कोपऱ्यातल्या खोलीत ती सहा वर्षं बोलीभाषेच्या शब्दकोशाचं काम करत होती. बाजारातले शब्द, होड्यांवरचे शब्द, आजारांचे शब्द झाले. या वर्षी कोशाच्या संपादक डॉ. सीटूबाईंनी चुगलीचे आणि निंदेचे शब्द काढले होते, आणि पुई-शाननं ते शांतपणे हाताळले होते. शब्द, उच्चार, अर्थ, एक उदाहरण. सी-फेई : खरं-खोटं, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी. डुक बुई-जेक : पाठीच्या कण्यात बोट खुपसणे; मागून वाईट बोलणे. छ्योंग : गाणे, एखाद्याची बदनामी चारचौघांत फिरवणे. कार्डावर उतरला की शब्द कसा निपचित पडतो हे तिला आवडायचं. "झालं का गं ऐकून?" आयव्हीनं विचारलं. "ती म्हातारी एक नंबर आहे. आणि तुझं आडनाव निघालं बघ त्यात! तुझ्या नात्यातली नाही ना कुणी?" "औ काय, शंभर सापडतील," पुई-शान म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा निघाला, याचंच तिला नवल वाटलं. आयव्ही हसली आणि पाव खाऊ लागली. पण आयव्ही नेमकी कशाला हसली? तिला काय माहीत आहे? पुई-शाननं खिडकीच्या काचेत पाहिलं. आयव्हीचं प्रतिबिंब फोनवर काहीतरी लिहीत होतं. कुणाला?

घरातनंच की. ती टेप मागे नेऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकायला तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. त्या घरात तिघंच होती. बाबा, आई आणि ती. दहा फुटांची खोली, एक दुमजली बाज, बाजेखाली कपड्यांची पेटी. स्वयंपाक दाराबाहेर, लांब गॅलरीत, रॉकेलच्या स्टोव्हवर. पाणी मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचं एकच. बाबा पहाटे गोदीत जायचे आणि अंगाला रंगाचा, टर्पेंटाइनचा वास घेऊन यायचे. ते कुणाशी बोलत नसत, बोलायचे तेव्हा दोन शब्द. आणि आई स्वतःबद्दलची खबर स्वतः कशाला देईल? म्हणजे उरली कोण, हा हिशेब सात वर्षांच्या मुलालाही जमला असता, आणि पुई-शान चाळीस वर्षांची होती. तिनं तो केला नाही. तिनं कार्ड काढलं आणि उदाहरणाच्या जागी लिहिलं : 'तिने कचेरीत त्याला गायले.' कुठली ती, कुठला तो, कुठली कचेरी. मग रेकॉर्डिंगचा तो तुकडा तिनं वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला, आणि टाकताना चोरी करत असल्यासारखं दाराकडे पाहून घेतलं.

आईबद्दल तिला जे आठवत होतं ते फार थोडं होतं आणि त्यात आवाजच जास्त होते. गॅलरीत बायका रांगेनं बसून प्लॅस्टिकची फुलं जोडायच्या. कारखान्याचा माणूस पोती टाकून जायचा, एका पोत्यात पाकळ्या, एकात देठ. देठात पाकळी बसली की टिक् असा आवाज यायचा. दिवसभर गॅलरीभर टिक्, टिक्, आणि त्याच्यावर बोलणं, हसणं, पोरांना हाका. शाळेतून आलं की पुई-शान लाल पाकळ्यांत हात बुडवून बसायची. मग केव्हातरी, ती पहिलीत असताना, असं व्हायला लागलं की आई बादली घेऊन खोलीबाहेर पडली की बोलणं थांबायचं. टिक्, टिक् तेवढं चालू राहायचं. आई नळाशी पोचेपर्यंत, बादली भरेपर्यंत, परत येईपर्यंत फक्त टिक्, टिक्. आई आत आली, दार लोटलं, की बाहेर एकदम बोलणं फुटायचं. झाकण उडावं तसं. आई बाजेवर बसून भिंतीकडे पाहायची. पुई-शान विचारायची, "त्या गप्प का होतात?" आई म्हणायची, "दमतात." मग एका सकाळी आई नव्हती. कपड्यांच्या पेटीतून तिचे कपडे गेले होते आणि बाबा दारात बसून बूट घालत होते, घालत होते, एकाच बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होते. "आई गेली," ते म्हणाले. दोन शब्द. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्यांनी त्यात तिसरा घातला नाही. तीन वर्षांपूर्वी इस्पितळात, नाकात नळ्या असताना, ते तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि आता ते काहीतरी विचारतील या भीतीनं ती पाणी आणायला उठून गेली होती.

ही भीती कधीपासूनची, हे तिला माहीत नव्हतं. ती असायचीच, जशी काहींना उंचीची असते. कुणी दोघं कुजबुजत असली की ती वळून दुसऱ्या वाटेनं जायची. ऑफिसात चहाच्या खोलीत कुणी असलं तर ती चहा घेत नसे. आपण जेवायला काय खाल्लं, रविवारी कुठं गेलो, हे ती सांगत नसे. सांगितलेलं फिरतं, फिरून भलतंच होऊन येतं. एकदा एका माणसानं तिला लग्नाचं विचारलं होतं. चांगला होता, नकाशे काढायचा. पण त्याला चार बहिणी होत्या आणि चौघी एकदम बोलायच्या. तिनं नाही म्हटलं. टेप ऐकल्यानंतरच्या शनिवारी आणि रविवारी ती घराबाहेर पडली नाही. रविवारी दुपारी खाली कुणाच्या तरी खिडकीत बांबूवर कपडे वाळत घालताना दोन बायका बोलत होत्या. शब्द येत नव्हते, नुसती चाल येत होती, खाली उतरत जाणारी, मग एकदम वर. तिनं खिडकी लावून घेतली. उकाडा होता. बंद खिडकीशी उभं असताना तिला, काही कारण नसताना, तोंडात आंबटगोड चव आली. वाळवलेल्या फळाच्या पातळ लालसर चकत्या, कागदात नाण्यांसारख्या रचलेल्या. त्या जिभेवर ठेवायच्या आणि चावायच्या नाहीत, विरघळू द्यायच्या. कुणीतरी एकेक चकती काढून तिच्या हातावर ठेवत होतं. मोठा, रुंद, फुलांच्या तारेनं ओरखडलेला हात. आणि कुणीतरी फार गोड आवाजात म्हणत होतं, "आणि मग?"

सोमवारी डॉ. सीटूबाईंनी तिला बोलावलं. "लुक आजींकडे पुन्हा जायला हवं. आयव्हीनं घाई केलीय. प्रत्येक शब्दाला धड उदाहरण नाही. ती उद्यापासून रजेवर आहे, तुम्ही जाल का?" पुई-शानला नाही म्हणता आलं असतं. तिला बाहेरचं काम आवडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, बाईंनाही. म्हणूनच त्यांनी प्रश्न केला होता. "जाईन," ती म्हणाली. जाणं भयंकर होतं. न जाणं त्याहून भयंकर होतं. ती गेली नाही तर दुसरं कुणी जाणार होतं, आणि पाय पसरून बसणार होतं, आणि विचारणार होतं, घरातनं म्हणजे कुणाकडून हो आजी?

वृद्धांचं केंद्र एका वसाहतीच्या तळमजल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर होतं. मंगळवारी दुपारी ती अंड्याच्या टार्टांचा खोका घेऊन तिथं पोचली तेव्हा मोठ्या खोलीत माजाँगचे दोन डाव रंगले होते, सोंगट्या टेबलावर घुसळल्या जात होत्या, आणि कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही चालू होता. लुक आजी खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत बसली होती. अंगानं सुकली होती, पण हात रुंद होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. तिनं मान आवाजाच्या दिशेला वळवली. "परवाची पोरगी नाही ही," ती म्हणाली. "ती चपला फरफटत चालते." "मी क्लारा," पुई-शान म्हणाली. हे नाव तिच्या ओळखपत्रावर होतं, पण तिला त्या नावानं कुणी हाक मारत नसे. "आडनाव?" "विद्यापीठातून आलेय आजी. तुमच्यासाठी टार्ट आणलेत." "गरम आहेत का? मग बस. विचार काय विचारायचं ते. या वयात आम्हाला कोण विचारतंय!" शेजारच्या टेबलावरची एक जाडी बाई सोंगटी आपटत ओरडली, "हिला विचारू नका, हिला थांबवा कसं ते आधी शिका!" सगळ्या हसल्या. लुक आजीही हसली, टार्टाचा पापुद्रा हनुवटीला चिकटलेला.

पुई-शाननं रेकॉर्डिंगचं यंत्र चालू केलं आणि यादीतल्या सगळ्यात निरुपद्रवी शब्दापासून सुरुवात केली. ती तासभर काठाकाठानं चालत राहिली. टोमणे मारणं, लावालावी करणं, कान भरणं. म्हातारी प्रत्येकाला दोन-दोन उदाहरणं द्यायची, नक्कल करून, आवाज बदलून. मग यादी संपत आली. पुई-शाननं कागदावर नजर ठेवून विचारलं, "गाण्याबद्दल तुम्ही त्या दिवशी एका बाईचं सांगितलं होतंत." "औची बायको." "खबर घरातनंच मिळाली म्हणालात." "मग! पोरीकडनं." म्हातारीनं बोटं पुसली. "त्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, लिहून घे. हॉक हाऊ हॉक सित. तोंड शिकणं, जीभ शिकणं. ऐकलेलं-पाहिलेलं जसंच्या तसं दुसरीकडे नेऊन ओतणं. पोरं करतात तसं. औची पोरगी सात वर्षांची होती. फुलांच्या पोत्यापाशी येऊन बसायची. मी तिला आंबटगोड चकत्या द्यायची. एक चकती, एक प्रश्न. गुरुवारी आई कुठं नेते गं तुला? फेरीच्या धक्क्यावर. तिथं कोण असतं? एक काका असतात, बाकावर बसतात. मग आई काय करते? काकांना सूप देते. आणि मग? आणि मग रडते. काका काय करतात? आईचा हात धरतात. झालं! एवढ्यात आमचं वर्षभराचं भागलं असतं. निळ्या थर्मासमधून सूप न्यायची बाई, आम्ही रोज बघायचो, आम्हाला वाटायचं नवऱ्याला नेतेय गोदीत."

"लाल," पुई-शान म्हणाली.

ते तिनं म्हटलं नाही; ते तिच्या तोंडातून निघालं. थर्मास लाल होता, झाकणावर पांढरा मोर होता, आणि मोराची शेपटी घासून गेली होती. लुक आजीचा हात टार्टाच्या खोक्यावर थांबला. यंत्राचा छोटा लाल दिवा चालूच होता. "लाल," म्हातारी हळूच म्हणाली. "हो. लालच की." तिनं पांढुरके डोळे पुई-शानच्या चेहऱ्याच्या थोडे बाजूला रोखले. "कुणाची गं तू?" पुई-शानला उठून पळावंसं वाटत होतं आणि पाय ऐकत नव्हते. लहानपणी झोपेत असं व्हायचं; कुणीतरी जिना चढून येत असायचं आणि बाजेवरून उतरता यायचं नाही. तिला आता तो बाक स्वच्छ दिसत होता, धक्क्यावरचा, खारट वाऱ्यानं रंग उडालेला. बाकाच्या एका टोकाला तो माणूस. इतका बारीक की शर्ट त्याच्यावर टांगल्यासारखा. खोकताना तो तोंड फिरवायचा आणि रुमाल घडी करून खिशात ठेवायचा. आई पुई-शानला म्हणायची, तू तिकडे होड्या मोज. आणि ती मोजायची, आणि मोजता मोजता मागं वळून पाहायची, आणि पाहिलेलं सगळं साठवून ठेवायची, कारण गुरुवारनंतर शुक्रवार असायचा आणि शुक्रवारी लुक काकूच्या मांडीशी चकत्या मिळायच्या. तिला सांगायला आवडायचं. हेच सगळ्यांत भीषण होतं. सगळ्या बायका हात थांबवून तिच्याकडे पाहायच्या, आणि ती एकेक गोष्ट पुरवून पुरवून सांगायची.

"त्याला क्षय होता," लुक आजी म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता, उदाहरणं देण्याचा नव्हता. "तिचा सख्खा भाऊ. सरहद्दीपलीकडून समुद्र पोहून आला होता, छातीचं दुखणं घेऊन. तुझ्या बापाचा धाकटा भाऊ त्याच रोगानं गेला होता, म्हणून बापानं तिला बजावलेलं, भावाला भेटलीस तर या घरात पाय ठेवायचा नाही. तिनं काय करावं? परका आहे असं लोकांना वाटू देऊन गप्प बसली तरी घराबाहेर, भाऊ आहे म्हटलं तरी घराबाहेर. वर मजल्यावर कळलं असतं की हिच्या माणसांत क्षय आहे, तर कारखान्यानं सगळ्यांचीच फुलं बंद केली असती. ती काहीच बोलली नाही." "तुम्हाला कसं कळलं हे?" "मला पुढं तेच दुखणं झालं. चौऱ्याऐंशी साली. छातीच्या दवाखान्यात ती भेटली. भाऊ तोवर वारला होता, ती तिथंच झाडू-पुसणी करायची. तिनंच सांगितलं मला, बाकावर बसून, अगदी साधं." "मग तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत? बाबांना? मजल्यावर?" माजाँगच्या सोंगट्या घुसळल्या जात होत्या. "मजला राहिला होता कुठं! वसाहत पाडली, माणसं दहा ठिकाणी गेली. आणि खरं सांगू का पोरी? भाऊ होता, आजारी होता, सूप न्यायची. यात सांगण्यासारखं काय आहे? कोण ऐकतंय?"

आता एकच प्रश्न उरला होता आणि तो विचारू नये हे पुई-शानला ठाऊक होतं. "तिनं विचारलं का, कुणी सांगितलं म्हणून?" "विचारलं. मी म्हटलं, तुझ्या पोरीनं." म्हातारीनं मांडीवरचा चुरा झटकला. "मला तेव्हा वाटलं, खोटं कशाला बोला." "मग? काय म्हणाली ती?" "काही नाही. बादली उचलली आणि गेली." पुई-शान उठली. तिनं यंत्र बंद केलं, तेही आपण केलं हे तिला नंतर आठवलं नाही. आईला माहीत होतं. चोवीस वर्षं माहीत होतं. बाबा गेल्याचं पेपरात आलं तेव्हाही, त्याच शहरात कुठंतरी, माहीत होतं. म्हणून ती आली नाही. पुई-शान खोली ओलांडून दाराशी आली, लिफ्टचं बटण दाबलं. मागं एक क्षण शांतता झाली. मग सोंगटी ठेवल्याचा आवाज, टिक्. आणि जाड्या बाईचा आवाज, दबका पण उत्सुक, "कोण गं ती? रडत होती का?" आणि लुक आजीचा, "आमच्या सातव्या मजल्यावरच्या औची..."

लिफ्ट आली. दार उघडलं. आत एक म्हातारा कोबीची पिशवी घेऊन उभा होता, त्यानं दार धरून ठेवलं. आत पाऊल टाकलं की संपलं. पाठीमागं जे काय म्हणायचं ते म्हणतील, तिला ऐकू येणार नाही. चाळीस वर्षं ती असंच करत आली होती. "येताय का?" म्हातारा म्हणाला. "नाही," ती म्हणाली आणि वळली. ती खोलीत शिरली तशा सगळ्या गप्प झाल्या. तीच गॅलरीतली शांतता. तिनं माजाँगच्या टेबलाची कड धरली. "मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही यांना अर्धं सांगाल. माझ्या आईचं नाव सुक-हान. माहेरचं आडनाव थाम. ती परक्या माणसाला भेटायला जात नव्हती, भावाला भेटायला जायची, त्याला क्षय होता. हे मजल्यावर मी सांगितलं. सात वर्षांची असताना. चकत्या खाऊन." तिचा आवाज थांबत नव्हता. "आणि त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही."

कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणीतरी चहा ओतला. मग प्रश्न सुरू झाले, आणि ते तिनं आयुष्यभर ज्यांना भिऊन काढलं तेच होते. "बापानं दुसरं केलं नाही?" "नाही." "तुझं लग्न?" "नाही झालं." "का? दिसायला तर बरी आहेस." "भीती वाटली." "कशाची गं?" "तुमची," पुई-शान म्हणाली. जाडी बाई तोंडावर हात ठेवून हसली आणि मग हसता हसता तिचे डोळे भरले. "आई दिसायला कशी होती?" "डाव्या भुवईवर व्रण होता. स्टोव्ह भडकला होता तेव्हाचा." "थाम म्हणालीस ना? लुक म्हणाली तेव्हा ऐकलं, छातीच्या दवाखान्यात झाडू मारायची ना? माझी नणंद होती तिथं कामाला," जाडी बाई म्हणाली. "विचार मग नणंदेला!" "विचारते की. आजच." एका चष्मेवालीनं टार्टाच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर पुई-शानचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. लुक आजी खिडकीजवळ तशीच बसली होती. पुई-शान निघताना तिच्याजवळ गेली. म्हातारीनं हात पुढे केला, पण काय करावं ते न कळून तो खुर्चीच्या हातावरच ठेवला. "या खेपेला मी स्वतः सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "चांगलं घोळवून सांगते. बघ कशी पोचते गोष्ट."

ती टेप पुई-शाननं जशीच्या तशी दिली, 'लाल' या शब्दासकट. आयव्हीनं रजेवरून आल्यावर ती ऐकली. ऐकून झाल्यावर ती चहाच्या खोलीत गेली, दोन कप घेऊन आली, एक पुई-शानपुढे ठेवला आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. फोन मात्र यायला लागले. प्रत्येक फोन पुई-शान उचलायची. एक बाई म्हणाली, थाम सुक-हान मकावला गेली, तिथं वारली, आपल्या मावशीनं प्रेत पाहिलंय. दुसरी म्हणाली, छे, ती मठात राहिली, डोकं भादरलं. तिसरीला मामा श्रीमंत होता असं कळलं होतं आणि वाटणीचं काय झालं हे जाणून घ्यायचं होतं. गोष्ट शहरभर हिंडत होती आणि हिंडताना वाढत होती. पुई-शान रस्त्यानं चालताना लोक आपल्याकडे पाहताहेत असं तिला वाटे, आणि ती चालत राही. चोविसाव्या दिवशी जाड्या बाईच्या नणंदेच्या जावेचा फोन आला. शहराच्या पार टोकाला, त्वेन मुनला तिच्या मजल्यावर एक थाम राहते. बासष्ट-त्रेसष्टची, एकटी. भुवई तुटलेली. कुणाशी बोलत नाही, सणाला दार उघडत नाही. "आम्ही सगळ्या गातो हो तिला," बाई ओशाळून म्हणाली, "गप्प राहते म्हणून."

रविवारी सकाळी बस दीड तास चालली. पुई-शाननं काहीच बरोबर घेतलं नव्हतं. काय घ्यावं ते सुचलं नव्हतं. चौदाव्या मजल्यावर गॅलरीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी जाळीची दारं होती, दारांबाहेर चपला, उदबत्त्यांचे छोटे डबे. ती योग्य दारापुढे उभी राहिली आणि तिला वाटलं, परत जावं. दार उघडलं की चेहऱ्याऐवजी ती बादली उचलून जाणारी पाठ दिसेल, तेवढंच दिसेल. आत कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. तिनं बेल दाबली. आतलं लाकडी दार वीतभर उघडलं. जाळीच्या पलीकडे एक बुटकी बाई होती, पांढरे केस कानांमागं पिनांनी दाबलेले, भुवईवर फिकट रेघ. ती पुई-शानच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तिचा जबडा हलला. हात दाराच्या कडेवर घट्ट झाला, लावून घ्यावं की काय असा. मग ती एखाद्या अनोळखी पाहुणीशी बोलावं तसं बोलली.

"कुणी सांगितलं तुम्हाला, मी इथं राहते म्हणून?"

"सगळ्यांनी," पुई-शान म्हणाली.

बाईनं जाळीला गाल लावून आधी गॅलरीत उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. शेजारचं एक दार किलकिलं झालेलं होतं. तिनं ते पाहिलं. मग ती खाली वाकली आणि दोन्ही हातांनी कडी काढू लागली.